साहेब गेले

आईची भांडी वर्तमानपत्रात गुंडाळता गुंडाळता तिच्या उजव्या दाढेचा टवका उडाला. ती काही चावत नव्हती. सकाळपासून नुसते दात आवळून धरले होते, तेही तिच्या लक्षात न येता. जिभेला एकदम धारदार कड लागली आणि मागोमाग कानापर्यंत कळ गेली. एका हातात आईचा चहाचा कप, दुसऱ्या हातात कागद, अशी ती जमिनीवर बसून राहिली. आईला जाऊन तीन महिने झाले होते. घर भाड्याचं, महिनाअखेरीला रिकामं करून द्यायचं होतं. त्यासाठी तिने आठ दिवसांची रजा काढली होती आणि आज दुसराच दिवस होता. शेजारच्या काकूंकडे विचारायला गेली तर त्या म्हणाल्या, "कोपऱ्यावर औषधांचं दुकान आहे ना, त्याच्या वरच दातांचा दवाखाना आहे. तुझी आई जायची की तिथे." आईच्या दातांचं काही दुखणं होतं हे तिला माहीत नव्हतं. माहीत नसलेल्या गोष्टींत आणखी एक, एवढंच तिच्या मनात आलं, आणि गालावर हात धरून ती जिना उतरली.

दवाखान्याच्या बाहेरच्या खोलीत पाच खुर्च्या होत्या, त्यातल्या एकीच्या फाटक्या रेक्झिनला चिकटपट्टी लावलेली. भिंतीवर हिरड्यांचं रंगीत चित्र. काउंटरमागे चष्मा कपाळावर चढवून बसलेल्या एक बाई. नाव सांगून ती टेकली आणि टेकता टेकताच तिला तो आवाज आला, पाण्यातून हवा वर येतानाचा, न थांबणारा. मान न वळवताच तिने ओळखलं, आणि उठून तिकडे पाठ होईल अशा खुर्चीत जाऊन बसली. ही तिची अकरा वर्षांची सवय होती. हॉटेलात, बँकेत, कुणाच्या घरी, जिथे म्हणून काचेच्या टाकीत मासे ठेवलेले असत तिथे ती पाठ करून बसायची. भाषण द्यायची नाही. पूर्वी द्यायची, मग लोक जेवायला बोलवेनासे झाले तेव्हा गप्प राहायला शिकली. व्हीगन झाली तीही कुणाचं भाषण ऐकून नव्हे. पाकिटं आणि डबे छापणाऱ्या छापखान्यात ती मुद्रितं तपासायची. बिस्किटं, मलमं, साबण, कुत्र्यामांजरांचं खाणं, सगळ्यांच्या पाठीवरची मुंगीएवढी अक्षरं. हे काम करणाऱ्याने अर्थ वाचायचा नसतो, अर्थात रमलं की चूक निसटते. पण एका दुपारी 'माशाचं तेल' हे शब्द एकाच पाकिटावर तीनदा चुकीचे पडले होते, आणि तिसऱ्यांदा काना दुरुस्त करताना तिला एकाएकी मासा दिसला. मग जिलेटिनमागची हाडं दिसली, मलमातल्या लोकरीच्या मेणामागची मेंढी दिसली. त्या संध्याकाळी घरी येऊन तिने फ्रिज रिकामा केला. आईला फोन करून सांगितलं तर आई म्हणाली, "अगं, काय काय खात नाहीस ते सांगत बसू नकोस. काय खातेस ते सांग, ती यादी लहान असेल." पण पुढच्या वेळी ती गेली तेव्हा आईने दोघींसाठी बिनदुधाचा चहा टाकला होता, आणि स्वतः तोंड वाकडं न करता प्यायली होती.

आत कुणाच्या तरी दातावर यंत्र फिरत होतं. काउंटरमागच्या बाई उठल्या, खणातून एक डबी काढली आणि तिच्या पाठीमागे जाऊन म्हणाल्या, "चला साहेब, जेवणाची सुट्टी झाली."

ती वळली. न वळण्याचा विचारसुद्धा सुचला नाही. टाकीत एकच मासा होता, तळहाताएवढा गोल्डफिश. नारिंगी रंग पोटाकडे पांढरा पडत चाललेला, शेपटीची वरची कड जराशी कुरतडल्यासारखी, आणि कपाळावर खडूचं बोट पुसावं तसा डाग. हा डाग तिने चार फुटांवरून, रागाने, पुष्कळ वेळ पाहिलेला होता. "हा कुठून आणला तुम्ही?" तिने विचारलं. दाढेमुळे शब्द फुगून बाहेर पडले.

"आणला नाही, आला," बाई म्हणाल्या. "आमचे मासे मेले होते, टाकी नुसती पडून होती. एक आजी यायच्या इथल्याच. त्या एक दिवस बादलीत घालून घेऊन आल्या. चालत. वर पातेल्याचं झाकण बांधलेलं. मुलगी कायमची राहायला येणार आहे म्हणाल्या, आणि मुलीला घरात मासा चालत नाही." बाईंनी चिमूट पाण्यात सोडली. "दीड वर्ष झालं असेल. साहेब हे नाव त्यांचंच. म्हणाल्या, दुसऱ्या नावाने हाक मारू नका, त्याला वाटेल नोकरी गेली."

आतून तिच्या नावाचा पुकारा झाला.

डॉक्टरांनी भूल दिली, कीड कोरली, आणि सबंध वेळ ती डोक्यावरच्या गोल दिव्याकडे पाहत राहिली. अर्धा चेहरा बधिर झाला होता आणि उरलेल्या अर्ध्यात एकच वाक्य वाजत होतं. साहेब गेले. दीड वर्षापूर्वी एका रविवारी आईने फोनवर एवढंच सांगितलं होतं, आणि ती म्हणाली होती, "बरं झालं. सुटला बिचारा." पलीकडे क्षणभर काही नव्हतं. आईने तीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये लोकांचे फोन जोडून दिले होते, लाइनवरची शांतता कशी सांभाळायची हे तिला पक्कं ठाऊक होतं. मग ती म्हणाली, "हो. सुटला. आता येशील ना राहायला?" गेले म्हणजे मेले असा अर्थ तिने घेतला. कुणीही घेतला असता. आईने तो दुरुस्त केला नाही. आणि मुद्रितं तपासणाऱ्या मुलीने एका शब्दाचे दोन अर्थ होतात हे पाहिलं नाही. येईन म्हणाली. मोसमाचं काम संपलं की येते, रजा मिळाली की येते, थंडी सरली की येते. दोनदा गेलीही, पण दुपारपुरती. आरामखुर्चीसमोर टाकी होती तिथे आता रेडिओ ठेवलेला होता, आणि तिला तेव्हा चक्क हलकं वाटलं होतं. आईला कसं वाटत असेल हे विचारायचं सुचलं नव्हतं.

वडील गेले आणि दहाव्या दिवशी आई दुकानातून तो मासा घेऊन आली होती. "घरात कुणीतरी हलतंय एवढं बरं वाटतं," म्हणाली होती. साहेब नाव पडलं, कारण काम काही करायचं नाही आणि काम करणाऱ्यांकडे तोंड उघडं टाकून बघत राहायचं. कुणाचा फोन नको असला की आई सांगायची, आत्ता नाही, साहेब मीटिंगमध्ये आहेत. ती लग्न होऊन तीन तासांवरच्या शहरात गेलेली, व्हीगन झालेली. पहिली काही वर्षं तिने माशाबद्दल अवाक्षर काढलं नाही. मग दोन वर्षांपूर्वी, मुक्कामाच्या दुसऱ्या सकाळी, आई टाकीशी उभी राहून म्हणाली, "बघ, मला ओळखतो. मी आले की धावत येतो." आणि तिच्यातलं काहीतरी सुटलं. धावत येतो म्हणजे काय, ती म्हणाली, जाणार कुठे तो? तीन वीत पाणी आहे. दिवसभर काचेला नाक घासतो, त्याला तू प्रेम म्हणतेस. तो भुकेला आहे आणि डबी तुझ्या हातात आहे, बाकी काही नाही. आणि त्या डबीत काय आहे माहितीये? वाच. मासेच आहेत, दळलेले.

"तुरुंग म्हणतेस, म्हणजे मी जेलर," आई म्हणाली.

"मी तसं म्हटलं नाही."

"मग काय करू ते सांग. नाल्यात सोडू? तिथे दोन दिवस टिकेल का तो?"

"तू आणलासच कशाला हा प्रश्न आहे. त्याला कुणी विचारलं होतं?"

"मला तरी कोणी काय विचारलंय," आई म्हणाली, पण अगदी हळू, स्वतःशी. तिला ऐकू आलं होतं. ऐकू आलं नाही असं तिने दाखवलं. आणि म्हणाली, "हा इथे आहे तोवर मला या घरात झोप यायची नाही." दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीने ती निघून आली. गाडीत तिला आपण बरोबर असल्याचं एक निर्मळ, थंड समाधान होतं, आणि त्या समाधानाच्या तळाशी आणखी एक, जरा मळकट, सुखही होतं: आता जायला नको. आईच्या घरात दुपार झाली की तिचा जीव गुदमरायचा. आई मागे मागे यायची, या खोलीतून त्या खोलीत. काही मागायची नाही, नुसती यायची. तो एकटेपणा ओल्या टॉवेलसारखा अंगाला चिकटायचा. त्याला नाव देऊन नको म्हणणं शक्य नव्हतं, कुठल्या तोंडाने म्हणणार? माशाला नको म्हणता येत होतं. तत्त्व खोटं नव्हतं. आजही, या खुर्चीत, तोंडात कापसाचे बोळे असताना, त्यातला एकही शब्द तिला मागे घेता येत नव्हता. फक्त त्या खऱ्या शब्दांच्या आड उभं राहून आपण काय केलं ते दिसत होतं.

बाहेर आल्यावर ती काउंटरशी थांबली. बाईंनी पुढची तारीख लिहून दिली. भुलीमुळे ओठ जड होता. ती म्हणाली, "त्या आजी... माझी आई. तीन महिने झाले, गेली."

बाईंनी चष्मा डोळ्यांवर ओढून तिच्याकडे पाहिलं. "बसा जरा," त्या म्हणाल्या, आणि काउंटरमागून येऊन शेजारच्या खुर्चीत बसल्या. "मला वाटलं गावाला गेल्या. म्हणजे तुमच्याकडे. मंगळवारी यायच्या बंद झाल्या तेव्हा मी डॉक्टरांना म्हटलंसुद्धा, बघा, अखेर मुलगी घेऊन गेली."

"मंगळवारी कशाला यायच्या?"

"याला बघायला," बाई म्हणाल्या. "पहिल्यांदा मला वाटलं दात दाखवायचेत. पण दात होते कुठे फारसे? नाव नोंदवायच्या नाहीत, त्या खुर्चीत बसायच्या." चिकटपट्टीवालीकडे त्यांनी बोट दाखवलं. "तासभर. गर्दी झाली की उठून जागा द्यायच्या आणि उभ्या राहायच्या. मी म्हणायचे, आजी, मुलगी आली का? तर म्हणायच्या, या महिन्यात येतेय. रजेचं जमलं की." बाई थांबल्या. विचारू की नको असं त्यांच्या चेहऱ्यावर आलं आणि त्यांनी विचारलंच, अगदी साधेपणाने. "आला होतात ना तुम्ही?"

"दोनदा," ती म्हणाली. "दुपारी."

बाईंनी मान हलवली. त्यात ठपका नव्हता, आणि तेच तिला सोसेना. काहीतरी बोलायचं म्हणून बाई म्हणाल्या, "खाण्याचं फार सांगायच्या. डबीतलं देऊ नका, माझी मुलगी म्हणते त्यात मासेच असतात. मटार आणून द्यायच्या, उकडून, सालं काढून, चिमटीत बसतील असे कुस्करून. कापडात बांधलेले असायचे. बोटं थरथरायची त्यांची, तरी एक साल राहायची नाही. म्हणायच्या, यालाही आता मुलीच्या पंथात घेतलाय. तो खायचा हो. त्या यायच्या बंद झाल्यावर मात्र... एवढा व्याप कोण करणार? मी डबीच देते." आणि मग, काउंटरकडे परत जाता जाता, "शुक्रवारपासून इथे रंगकाम आहे. टाकी काढणार, तिथे टीव्ही लावायचाय. माशांच्या टाक्या विकणारा दुकानवाला घेऊन जातो म्हणालाय याला. पण इतका म्हातारा मासा दुकानातून कोण घेणार, आपला तोही देवावर हवाला ठेवून."

ती घरी आली. अर्धवट बांधलेल्या खोक्यांमध्ये आईच्या आरामखुर्चीत बसून राहिली. भूल उतरत गेली तशी दाढ ठणकू लागली, आणि त्या ठणक्याबरोबर एकेक गोष्ट जागी होत गेली. आई बादली घेऊन जिना उतरली असेल. गुडघे धरलेले, म्हणजे एका पायरीवर दोन्ही पाय ठेवत. पाणी हिंदकळू नये म्हणून दर वळणावर थांबत. वाटेत कुणी विचारलं असेल, काय नेताय? आणि आईने नक्कीच काहीतरी गमतीचं सांगितलं असेल. मग रिकामी बादली घेऊन वर आली असेल, आणि रविवारची वाट पाहिली असेल, फोन करायला. आणि आपण म्हणालो, बरं झालं. तिने तो मासा खरंच माझ्यासाठी सोडला, तिला वाटलं, आणि मी आले नाही, आणि मग ती चोरून त्याला भेटायला जायला लागली, दातांच्या दवाखान्यात, दुसऱ्यांच्या कण्हण्यात बसून. कुणाला सांगितलं नाही. मला सांगितलं असतं तर मी काय म्हणाले असते? तेही तिला माहीत होतं. जागा बदलली एवढंच, टाकी टाकीच आहे. म्हणाली असती. तिने स्वतःला ते वाक्य म्हणताना ऐकलं, तिच्याच त्या समजूतदार आवाजात.

संध्याकाळी तिने नवऱ्याला फोन केला. तो तिच्याआधी चार वर्षं व्हीगन झालेला. शांत माणूस, वाचणारा, भांडणात आवाज न चढवणारा. तिने सगळं सांगितलं, मधे न थांबता. त्याने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "घेऊन ये त्याला. शनिवारी मी गाडी घेऊन येतो."

"आणि आपण जे मानतो त्याचं काय?"

"आपण जे मानतो त्यात बसतं हे. विकत घेणं वेगळं, जो आहे त्याला सांभाळणं वेगळं. तो काही आता नदीत जगायचा नाही. त्याला धड मोठी टाकी द्यायची, मरेपर्यंत नीट बघायचं. दुसरा आणायचा नाही. यात चूक काही नाही."

"आईनेही तेच केलं," ती म्हणाली. "आणला ती चूक होती. पण नंतर नऊ वर्षं ती तेच करत होती. दुसरा तिने कधी आणलाच नाही."

"हो."

"मग हे तू मला तेव्हा का नाही सांगितलंस?"

तो उत्तर टाळणार नाही हे तिला माहीत होतं, आणि तरी तिने विचारलं होतं. "तू विचारलं नव्हतंस," तो म्हणाला. "भांडून आलीस ती ठरवूनच आली होतीस. मला वाटलं मासा हे निमित्त आहे. तुमच्या दोघींच्या मधे मी कशाला पडू?" मग लगेच, घाईने, "मी बोलायला हवं होतं. माझंही चुकलं."

"नाही," ती म्हणाली, "तुझं नाही." आणि फोन ठेवला. नियमात बसत होतं. दोन वर्षांपूर्वीही बसत होतं. त्या सकाळी आई टाकीशी उभी होती तेव्हा एवढं म्हटलं असतं तरी पुरलं असतं, की आता आलाच आहे तर मोठी टाकी घेऊ, डबी बंद करू, मी मटार सोलते. पंधरा मिनिटांची गोष्ट. कुठलंही तत्त्व मोडलं नसतं, त्याला साधा तडासुद्धा गेला नसता.

गुरुवारी ती बादली घेऊन दवाखान्यात गेली. बाईंनी टाकीतलं अर्धं पाणी आधी बादलीत घेतलं, मग जाळीने साहेबांना उचललं. हवेत आल्यावर त्याने दोन जोरदार फटके मारले, आणि त्या एवढ्याशा अंगातली भीती जाळी बादलीच्या कडेला टेकताच तिच्या हातापर्यंत आली. तिने बादली धरली होती, सोडली नाही. दवाखान्यातून काढायचीच होती ती टाकी आणि फिल्टर औषधांच्या दुकानातल्या माणसाने हातगाडीवर घालून पोचवले. जिना तिने आईसारखाच चढला, एका पायरीवर दोन्ही पाय ठेवत, कारण दुसऱ्या कुठल्या तऱ्हेने पाणी आत राहतच नव्हतं. रेडिओ उचलून जमिनीवर ठेवला. टाकी जागेवर आली. पाणी रात्रभर भरून ठेवलेलं होतं, ते तिने तांब्या तांब्याने ओतलं. साहेब कोपऱ्यात, तळाशी, कल्ले हलवत थांबून राहिला. तो कुणाला ओळखत नव्हता. ही खोली त्याला आठवत होती की नाही, आठवण नावाचं काही त्याला होतं की नाही, हे तिला सांगता येत नव्हतं, आणि आयुष्यात पहिल्यांदा तिला ते सांगायची घाई नव्हती.

तिने मटार उकडले आणि चाळणी मांडीवर घेऊन आरामखुर्चीत बसली. उकडलेल्या मटाराची साल दिसायला सुटी दिसते पण सुटत नाही. नखाने एका बाजूला चीर द्यायची आणि दाबायचं, की दाणा निसटून कुठेतरी जातो. पहिले पाच-सहा जमिनीवर गेले. मग जमलं. तिने दोन दाणे कुस्करून पाण्यात टाकले. ते गरगरत खाली गेले आणि खड्यांवर पडून राहिले. मासा हलला नाही. आई याच्याशी काय बोलायची ते तिला आठवत होतं, पण ते तिच्या तोंडून निघेना. दुसऱ्याची हाक आपण मारावी तसं वाटलं. शुक्रवारी त्याने काही खाल्लं नाही. तिने काल टाकलेले कण गाळून काढले आणि नवे टाकले. खोकी बांधायची राहिली होती, ती तशीच राहिली. शेजारच्या काकू दारात येऊन पाहून गेल्या. म्हणाल्या, "आणलास होय परत."

शनिवारी सकाळी, नवरा यायला अजून अवकाश असताना, मासा कोपऱ्यातून निघाला. खड्यांशी आला, एक कण तोंडात घेतला, बाहेर टाकला, पुन्हा घेतला. मग दुसरा. मग वर आला, काचेशी, तिच्या समोर, आणि तोंड उघडमीट करत थांबला. भूक होती ती. तिला ठाऊक होतं भूकच होती, आणखी काही म्हणण्याचा तिला अधिकार नव्हता. पण आईला काय दिसत होतं ते तिला या खुर्चीतून पहिल्यांदा दिसलं: की या घरात कुणीतरी तिच्याकडे येतं. तिने चाळणीतले दाणे भराभर सोलायला घेतले, एक झाला की दुसरा, त्याला पुरतील त्याहून कितीतरी जास्त. बोटं चिकट हिरव्या लगद्याने माखली. डोळ्यांतून पाणी हनुवटीपर्यंत आलं, गळ्यात उतरलं, आणि ते पुसायला तिचा एकही हात मोकळा नव्हता.